खिळ्यांचा नगारा

ही कथा ऐकली ती दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या गच्चीवर. सांगणारा ताफारा हा राज्यशास्त्र शिकण्यासाठी आफ्रिकेतून आलेला सहाध्यायी. त्याने ती आपल्या आजीकडून ऐकली होती. आजीने कोणाकडून ऐकली, हे त्याला ठाऊक नव्हते. देशाचे नाव त्याने सांगितले नाही. "आमच्याकडच्या ज्या ज्या मित्राला ही सांगितली, त्याला ती आपल्याच देशाची वाटली," एवढेच तो म्हणाला. त्याने सांगितली त्याच क्रमाने ती येथे दिली आहे.

कोणत्याही पंचांगात न सापडणाऱ्या एका जुन्या काळी, एका मोठ्या नदीच्या खोऱ्यात सात गावे नांदत होती. त्या गावांना राजा नव्हता. त्यांच्याकडे एक नगारा होता.

नगारा माणसाच्या छातीइतका उंच होता. पण वर्षातले बहुतेक दिवस तो नगारा नसेच. त्याचे पोकळ खोड एका गावी असे, कातडे दुसऱ्या गावी, टिपऱ्या तिसऱ्या गावी. उरलेल्या चार गावांकडे एकेक वादी असे, म्हणजे कातडे खोडावर ताणून बांधण्याची चामडी पट्टी. खोऱ्यापुढे काही प्रश्न उभा राहिला की गावोगाव निरोप जाई. सातही गावे आपापला भाग घेऊन नदीकाठच्या गोरखचिंचेखाली जमत. चारही वाद्या चारही बाजूंनी सारख्या ताणल्या, तरच नगारा बोले. एक जरी सैल राहिली, तरी नुसता भद्द आवाज येई. नगारा बोलला की सभा बसे. सभा उठली की नगारा सोडला जाई आणि जो तो आपला भाग खांद्यावर टाकून घरी जाई.

ही रीत सोयीची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एका वर्षी टोळधाड आली. नेमके तेव्हा दोन गावांत एका गाईवरून भांडण पेटलेले होते आणि एका गावाने आपली वादी अडवून धरली. नगारा बांधला गेला नाही. टोळ पळवून लावणारा धूर वेळेवर झाला नाही. उभी ज्वारी डोळ्यांदेखत नाहीशी झाली. त्या वर्षी गारिकाई नावाचा एक लहान मुलगा, आपल्या थोरल्या बहिणीच्या, रुदोच्या मांडीवर डोके ठेवून, भुकेने रडत पडून राही. टोळांच्या पंखांचा तो आवाज त्याच्या कानांतून पुढे आयुष्यभर गेला नाही.

पुढे समुद्रापलीकडून परके आले. त्यांनी टेकडीवर दगडी गढी बांधली. त्यांच्या अधिकाऱ्याला सात गावांची वाट पाहणे मानवणारे नव्हते. त्याने शिपाई पाठवून सातही भाग आणवले, कातडे खोडावर ताणले आणि भोवताली लोखंडी खिळे ठोकले.

"आता हा कोणासाठी थांबणार नाही," तो म्हणाला.

आणि खरोखरच तो थांबला नाही. रोज सकाळी गढीच्या माळ्यावर नगारा वाजे. आज या गावाने रस्त्यासाठी दगड फोडायचे. आज त्या गावाने साहेबाच्या बागेला पाणी वाहायचे. नगारा वाजला की जायचे, हे थोरले भीतीने शिकले आणि धाकटे सवयीने.

गारिकाई मोठा झाला तो दगड फोडत. एके दिवशी त्याने हातोडा खाली ठेवला आणि तो पुन्हा उचलायला नकार दिला. त्याला गढीच्या तळघरात कोंडण्यात आले. नगाऱ्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छतातली माती त्याच्या केसांत पडे, त्याच्या पेजेच्या वाडग्यात पडे. रुदो पेज घेऊन चार कोस चालत येई.

"खा," ती गजांतून वाडगा सरकवत म्हणे. "मातीसकट खा. आपलीच माती आहे."

"ताई, बाहेर पडेन त्या दिवशी पहिला खिळा मी उपटीन."

"आणि शेवटचा?"

"तोही मीच."

"मग मी वादीच्या कामाला लागते," रुदो म्हणाली. "आपल्या गावची जुनी वादी त्यांनी फेकून दिली. नव्या वादीचे कातडे कमवायला वेळ लागतो. पण तुलाही आत वेळच वेळ आहे."

गारिकाईला हसू आले. गावोगाव आणखी कितीतरी हातोडे खाली ठेवले गेले, आणि अखेर परके गेले. जाताना त्यांनी निशाण उतरवून त्याची नीट घडी घातली, चिनी मातीची भांडी पेंढ्यात बांधून नेली. नगारा मात्र जागच्या जागी सोडला. आणखी एक गोष्ट त्यांनी मागे सोडली: गढीचा कारभारी. तो त्याच खोऱ्यातला होता, परक्यांच्या पदरी त्याचे केस पिकले होते, आणि त्याच्याइतका अदबशीर मनुष्य शोधून सापडला नसता.

त्या दिवशी गढीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नगारा माळ्यावरून खाली आणून मधोमध ठेवला होता. रुदोने कमावलेली वादी हातात उंच धरली होती. लोक तिला वाट करून देत होते. तळघरातून सुटून आलेल्या गारिकाईने पक्कड उचलली. तेवढ्यात कारभारी त्याच्या कानाशी वाकला.

"धनी, एक शब्द."

"मी कोणाचा धनी नाही."

"बरे, दादा म्हणतो. दादा, वाद्या चार हव्यात. अंगणात तीनच आल्या आहेत, पाहिलेत? वरचे गाव रुसून बसले आहे. अंगणात त्यांना बसायला जागा कुठे, हे त्यांना कोणी विचारले नाही म्हणे. आता तुम्ही खिळे काढाल. कातडे सैल होईल. आणि परवा टोळ आले तर?"

टोळ. त्या एका शब्दाने गारिकाईच्या कानांत पंख वाजू लागले. त्याने पक्कड पाहिली, माणसे पाहिली, आणि माणसांमधली ती रिकामी जागा पाहिली. मग त्याने पक्कड खाली ठेवली.

"बांधवांनो," तो म्हणाला, "नगारा तुमचाच आहे. फक्त एक पावसाळा थांबा. घडी नीट बसू द्या."

लोकांनी जयजयकार केला. वाचकहो, येथे चूक एकट्या गारिकाईची नव्हती. ज्याने आपल्यासाठी तळघर सोसले, त्याला 'का' म्हणून विचारणे लोकांना कृतघ्नपणाचे वाटले. रुदोने तेवढी आपली वादी गुंडाळली आणि कमरेला बांधली.

त्या संध्याकाळी नगारा पुन्हा माळ्यावर चढवला गेला आणि गारिकाईने स्वतःच्या हाताने तो प्रथमच वाजवला. खालून जो ऐकला होता तोच हा नगारा, हे त्याला ओळखू आले नाही. वरून त्याचा आवाज गोड होता.

पुढच्याच सुगीला टोळ आले. गारिकाईने माळ्यावर धाव घेतली. नगारा वाजला, क्षणात सारे खोरे शेतांच्या बांधांवर उभे राहिले, धुराने आभाळ झाकले गेले आणि ज्वारी वाचली. गारिकाई बांधावर बसून लहान मुलासारखा रडला. रुदो जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "पाहिलेस ना, ताई?"

"पाहिले. चांगले केलेस. आता पक्कड कुठे आहे?"

"सात गावांच्या सभेला हे एका सकाळीत जमले असते?"

"नसते. दोन दिवस लागले असते. एखाद्या शेताचा पार निकालही लागला असता."

"मग?"

"मग त्या दोन दिवसांत कोणीतरी तुला 'नाही' म्हटले असते. शेवटचे 'नाही' कधी ऐकलेस, आठवते?"

"आत्ताच. तुझ्याकडून."

"बहिणीचे धरू नकोस," रुदो म्हणाली. "ते तुला न मागता मिळते."

मागे उभा असलेला कारभारी हळूच खाकरला. गारिकाई हसला आणि म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यानंतर, ताई. शब्द देतो."

पुढच्या पावसाळ्यानंतर नदीवर पूल बांधायचा होता. त्याच्या पुढच्या वर्षी कालवा खणायचा होता. त्यानंतर वरच्या गावात काहीतरी शिजते आहे अशी वार्ता आली. कोणतेही कारण खोटे नव्हते. हीच त्यातली खरी अवघड गोष्ट होती. पूल झाला, कालवा झाला, लोकांनी त्यांचा लाभही घेतला. फक्त गोरखचिंचेखालचे सभेचे बसायचे दगड गवतात बुडाले. पूर्वी नगारा वाजला की लोक बोलत. आता नगारा वाजला की गारिकाई बोले आणि लोक घरी जात.

मग कारभारी म्हणाला, "दादा, त्या वाद्या गावोगाव आहेत तोवर कुजबुजही गावोगाव आहे. गढीत जपून ठेवू. शेवटी वस्तू मोलाची." गारिकाईला ते पटले. पहारेकरी वाद्या गोळा करत रुदोच्या दारी आले. तिने त्याच वादीने सरपणाची मोळी बांधली होती.

"ही? ही मोळीची दोरी आहे, रे बाबांनो. नेणार असाल तर मोळीसकट न्या. ओले लाकूड आहे, दोघांनी उचला."

पहारेकरी हसत परत गेले. गारिकाईला कळले तेव्हा तोही हसला आणि म्हणाला, "असू द्या तिच्याकडे." त्या वर्षांत त्याच्या हातून घडलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती, आणि ती त्याने केवळ मायेपोटी केली.

नगारा कोणी गैर हेतूने वाजवू नये म्हणून त्याच्यावर पहारा बसला. पहाऱ्यावर एक नाईक नेमला गेला. तो धिप्पाड, आज्ञाधारक आणि मितभाषी होता. गारिकाईचा खांदा दुखू लागल्यापासून टिपऱ्या त्यानेच हाती घेतल्या. गारिकाई सांगे, नाईक वाजवी, लोक येत. माळ्यावर कोण आहे हे मान वर करून पाहण्याची कोणालाही गरज वाटत नसे.

एका सकाळी गारिकाई पेज पीत बसला असताना नगारा वाजला. त्याने आज काहीही सांगितले नव्हते. तो वाडगा हातात घेऊनच खिडकीशी गेला. सारे खोरे टेकडी चढत होते. खांद्यावर कुदळी होत्या, माना खाली होत्या, कोणी कोणाला काही विचारत नव्हते. तेव्हा गारिकाईला जे समजले ते फार साधे होते. लोक त्याच्यासाठी येतच नव्हते. ते नगाऱ्यासाठी येत होते. आणि वाजवणारा हात कोणाचा, हे नगारा विचारत नव्हता. पूर्वी ते चार वाद्या विचारत. खिळ्यांनी नेमके तेवढेच बंद केले होते.

दारात कारभारी उभा होता. "धनी," तो सवयीने म्हणाला, आणि मग त्याने नम्रपणे दुरुस्ती केली. "दादा, चलावे. तळघर झाडून घेतले आहे."

गज तेच होते. छताची माती तीच होती. वरून नाईकाचा आवाज आला. इतकी वर्षे तो मितभाषी होता, पण बोलायचे ते त्याने नीट पाठ केले होते.

"बांधवांनो, नगारा तुमचाच आहे. फक्त एक पावसाळा थांबा."

 अंगणात जयजयकार झाला. नगाऱ्यावर ठोका पडला, आणि गारिकाईने काही विचार न करता वाडग्यावर हात धरला.

रुदो आली, ती आता काठी टेकत.

"ताई, गावे गोळा कर."

"कशाने करू? हाक मारून? माझी हाक आता विहिरीपर्यंतही जात नाही."

"वाद्या आहेत ना."

"तुझ्या कोठारात त्या उंदरांनी खाल्ल्या. माझी एक उरली आहे. एका वादीने नगारा बांधला जात नाही, हे लहानपणी तुला ठाऊक होते."

गारिकाईने छताकडे पाहिले. मग म्हणाला, "ते खिळे मी ठोकले नव्हते."

"नाहीच. तू फक्त ते काढले नाहीस." तिने वाडगा आत सरकवला. "खा. या वेळी ही माती कोणा परक्याने पाडलेली नाही."

नाईकाला त्याच्याच हाताखालच्या पहारेकऱ्याने हटवले. त्या पहारेकऱ्याला दुसऱ्याने हटवले. प्रत्येकाने एक पावसाळा मागितला आणि प्रत्येकाला तो मिळाला. दरम्यान खिळ्यांना गंज चढत होता आणि गंज कातडे खात होता. शेवटी एका सकाळी टिपरी पडताच कातडे चहूबाजूंनी खिळ्यांपाशी फाटले आणि खोडात कोसळले. आवाज झाला नाही. लोक आले नाहीत. माळ्यावर जो कोणी होता, तो नगाऱ्यावाचून कोणीच नव्हता. तो मागच्या दाराने पळाला, आणि त्याच्या मागोमाग पहारेकरीही.

त्याच वर्षी टोळ आले. सांगणार कोण आणि ऐकणार कोणाचे? प्रत्येक गावाने आपापल्या बांधावर धूर केला, आणि टोळ धूर नसलेल्या वाटेने आत शिरले. ज्या भुकेच्या भीतीने गारिकाईने पक्कड खाली ठेवली होती, तीच भूक पुन्हा सातही गावांत आली. या वेळी ती कोणा एका गावाच्या रुसव्याने आलेली नव्हती.

तळघराचे दार उघडेच पडले होते. गारिकाई बाहेर आला तेव्हा त्याचे केस मातीने पांढरे दिसत होते. माती झटकली तरी ते पांढरेच राहिले. पायरीवर रुदो बसली होती. तिने कमरेची वादी सोडून त्याच्या हातात दिली.

"गाठ येते तुला?"

"नाही," तो म्हणाला. खोऱ्यावर इतकी वर्षे राज्य केलेल्या माणसाला नगारा बांधण्याची गाठ येत नव्हती. पायरीवर बसूनच तिने त्याला ती शिकवली.

मग दोघे गावोगाव चालू लागले. दारात कोणी विचारी, "आपण कोण?" गारिकाई म्हणे, "तुम्हाला एक पावसाळा थांबायला सांगणारा मीच." काही दारे तेवढ्यावरच बंद होत. एका अंगणात त्याच्यावर कुत्रे सोडले. दुसऱ्या अंगणात एका म्हातारीने त्याला अखंड शिव्या दिल्या, शिव्या देता देताच तिने कातडे काढले, भिजत घातले आणि ती म्हणाली, "बसा, पेज घ्या. माझे अजून संपलेले नाही." हळूहळू एका गावी नवे खोड कोरले गेले, दुसऱ्या गावी कातडे कमावले गेले, तिसऱ्या गावी टिपऱ्या घडल्या. रुदोच्या वादीला आणखी दोन वाद्यांची जोड मिळाली.

उरले वरचे गाव. त्यांच्या कुंपणाबाहेर गारिकाई उभा राहिला. आतून त्या गावचा वडीलधारा आला. त्याने फाटक उघडले नाही.

"त्या दिवशी तुमच्या अंगणात आम्हाला कुठे बसवणार होता?" त्याने विचारले.

"ते विचारायला हवे होते," गारिकाई म्हणाला. "तेच विचारायला आता आलो आहे."

वडीलधाऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "आम्हाला आपसांत बोलावे लागेल. आमच्याकडे प्रत्येक जण बोलतो. वेळ लागतो."

"किती?"

म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू आले की नाही, हे सांगणे कठीण आहे.

"एक पावसाळा थांबा," तो म्हणाला.

गारिकाईने मान लववून होकार दिला. कुंपणाबाहेरच्या दगडावर तो बसला, वादी मांडीवर घेतली, आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहू लागला.

यापुढचा भाग मात्र खात्रीने सांगता येत नाही. पावसाळा सरल्यावर फाटक उघडले, चौथी वादी बाहेर आली, आणि गोरखचिंचेखाली नगारा बोलला, असे ताफाराची आजी सांगे. ताफाराचा मामा म्हणे की फाटक अजून उघडलेले नाही. सहा गावे आपापला भाग घेऊन थांबली आहेत, आणि त्या दगडावर आता गारिकाईच्या जागी दुसरे कोणी बसले आहे. दोघांनाही विचारता यावे म्हणून ताफाराने गावी पत्र पाठवले होते. पण आजी तोवर राहिली नव्हती आणि मामाने उत्तर दिले नाही. यांतले खरे कोणते, याचा पडताळा शेवटपर्यंत मिळाला नाही. कथेचा बोध मात्र दोघेही एकच सांगत:

जी सत्ता कोणा एकट्याला वाजवता यावी म्हणून खिळ्यांनी ठोकली जाते, ती उद्या कोणाही एकट्याच्या हाती जाते. जी सर्वांनी मिळून बांधावी लागते, तीच सर्वांची राहते.